खुटबाव ते टोरोंटो, मधे एक मुक्काम

प्रिय आत्याबाई,

तुम्ही मला आणि विकासला घातलेली शपथ आज सकाळी मी मोडली. टोरोंटोला येताना तुमच्यावर काय प्रसंग आला होता, ते मी मामांना सांगून टाकलं. सगळं, पहिल्यापासून. तुमच्या घरातली कुठलीच गोष्ट मी तुम्हाला विचारल्याशिवाय केली नाही. ही केली, म्हणून लगेच कळवायला बसले आहे. दुपार आहे. रेवा आतल्या खोलीत झोपली आहे आणि मामा उसाकडं गेलेत.

तुम्हाला राग येईल का? थोडा येईल. पण मामांनी ज्या आवाजात विचारलं, तो आवाज ऐकून तुम्हीही गप्प बसला नसता, एवढं मी खात्रीनं सांगते.

झालं असं. तुमचं वर्षश्राद्ध आटोपून विकास परत गेला. मी रेवाला घेऊन मागं थांबले, कारण मामांचा व्हिसा आला आहे. होय, मामा आमच्याबरोबर टोरोंटोला येतायत, सहा महिन्यांसाठी. तुमच्यामागं वर्षभर ते या घरात एकटे राहिले. लेक म्हणून आशू बंगलोरहून फोन करते, मुलगा-सून म्हणून आम्ही तिकडून करतो, पण फोननं घर भरत नाही. आधी ते नाहीच म्हणत होते. गुऱ्हाळ कोण बघणार, जनावरं कोण बघणार. मग एक दिवस त्यांनीच विकासला विचारलं, तिथं चहा मिळतो का. तेव्हाच आम्ही समजलो की गडी तयार झाला.

आज सकाळी गुऱ्हाळाच्या ओट्यावर आम्ही दोघं चहा घेत होतो. पहिल्या काहिलीतला रस नुकता उकळायला लागला होता. मामा म्हणाले, "किती लांब हाय गं ते?"

मी सांगितलं. इथून मुंबई गाडीनं पाच तास. मुंबईहून जर्मनीतलं फ्रँकफर्ट नऊ तास. तिथं विमान बदलायचं, आणि पुढं टोरोंटो आणखी आठ-साडेआठ तास. सगळं मिळून तेरा हजार किलोमीटरच्या आसपास.

मामांनी कप खाली ठेवला. "तेरा हजार," ते म्हणाले. मग काहिलीकडं बघत म्हणाले, "आन् ही एकटी गेली व्हती."

"हो."

"मला म्हणली, बसले आन् उतरले. एवढ्या वाटंत काय झालंच न्हाई का तिला? तू खरं सांग मला."

आता सांगा, काय करायला हवं होतं मी?

आत्याबाई, तुमची माझी सुरुवात काही गोड नव्हती. मी शिरूरची. वडलांचं एसटी स्टँडजवळ बांगड्यांचं दुकान, आई मी कॉलेजात असतानाच गेलेली. लग्न होऊन खुटबावला आले ती रांजणगावच्या कंपनीतली नोकरी घेऊनच. पहिल्याच आठवड्यात तुम्ही शेजारणीला म्हणालात, "बाजारात वाढलेली पोर हाय, हिला घरात करमायचं न्हाई." मी आत भांडी घासत होते. मला ऐकू यावं म्हणूनच म्हणालात ना? विचारायचं राहून गेलं.

मीही काही कमी नव्हते. तुम्ही गुऱ्हाळावरनं आलात की अंगाला पाकाचा आणि धुराचा वास असायचा, आणि मी खिडकी उघडायची. तुम्ही बघायचात. बोलायचा नाहीत. दोन वर्षं आपण अशीच काढली, एका घरात, चहा-पाण्यापुरतं बोलत. मग विकासला कंपनीनं टोरोंटोला पाठवलं, मी त्याच्याबरोबर गेले, आणि खरं सांगायचं तर विमान वर गेलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तुम्हालाही वाटलं असेल. हिशेब सारखाच.

त्यानंतर मला दिवस गेले. सातव्या महिन्यात रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी अंथरुणावरून हलू नको म्हणून सांगितलं. विकासची शिफ्टची नोकरी. माझी आई नाही, बहीण नाही. मी दिवसभर एकटी त्या बाराव्या मजल्यावर पडून असायची. बाहेर सगळं पांढरं. अशात एका रविवारी तुमचा फोन आला. तुम्ही माझी चौकशी केली नाही, विकासला म्हणालात, "तिकीट काढ. मी येतीय."

विकासला वाटलं, तुम्ही चेष्टा करताय. तुम्ही मुंबईसुद्धा एकदाच बघितलेली. मामा शेजारीच असावेत, कारण त्यांचा आवाज फोनमधून आम्हाला स्पष्ट ऐकू आला. "एकटी बाईमाणूस. भाषा येत न्हाई, वाट ठावं न्हाई. कुठं चुकली तर कुणाला इचारणार?"

तुम्ही फोन कानाला तसाच धरून त्यांना जे उत्तर दिलंत, ते मी जन्मात विसरणार नाही. "आपल्या गुऱ्हाळावर दर साली उत्तरेकडनं माणसं येत्यात. दोन-दोन दिस रेल्वेत बसून दौंडला उतरत्यात. बायका येत्यात, कडंवर लेकरं घिऊन येत्यात. त्यातल्या कुणाला मराठी येतंया का? त्या येत्यात, मग मी का जाऊ नये?"

विकासनं व्हिसाची घाई करून तिकीट काढलं. नंतर आशूनं मला सांगितलं की निघायच्या दिवशी ते पहाटेच रानात निघून गेले. गाडी दारात उभी, बॅगा चढलेल्या, सगळी भावकी गोळा झालेली, आणि मामांचा पत्ता नाही. तुम्ही दहा मिनिटं वाट बघितलीत आणि म्हणालात, "चला." मागं वळून बघितलं नाहीत म्हणे. खरं का हो?

तुम्ही मुंबईहून निघालात आणि इकडं माझी तब्येत बिघडली. डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढं अंधारी. विकासनं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, थांबता येणार नाही, बाळ आजच काढावं लागेल. आठवा महिना नुकता लागला होता. मला आठवतंय, स्ट्रेचरवर असताना मी विकासला विचारलं, "आत्याबाई कुठपर्यंत आल्या?" तो म्हणाला, "समुद्रावर असतील."

त्याच दिवशी टोरोंटोत हिमवादळ आलं. विकासनं तुम्हाला आणायला त्याच्या मित्राला विमानतळावर पाठवलेलं. मित्राचा फोन आला, की विमान इथं उतरूच शकलं नाही, वरच्या वर दुसरीकडं वळवलं, मॉन्ट्रियलला. मॉन्ट्रियल म्हणजे टोरोंटोहून साडेपाचशे किलोमीटर. चांगल्या दिवसातही गाडीनं सहा तास. आणि त्या दिवशी रस्ताही बंद.

रेवा जन्मली तेव्हा पावणेदोन किलोसुद्धा नव्हती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी एका मजल्यावर, ती दुसऱ्या मजल्यावर, विकास जिन्यात, आणि तुम्ही कुठं आहात ते कुणालाच माहीत नाही. विमान कंपनीचा फोन लागत नव्हता. तुमच्या मोबाइलला तिथं रेंज नव्हती. विकास माझ्यासमोर रडला नाही, पण बाहेर जाऊन आला की त्याचे डोळे लाल दिसायचे. मला एकच वाटत होतं, की माझ्यापायी ही बाई परक्या मुलखात हरवली. मामांना आता काय तोंड दाखवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी विकासनं फोन बघितला तर एक निरोप येऊन पडलेला. आमच्याकडं फोन उचलला नाही की एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज इंग्रजीत सांगतो, की निरोप ठेवा. तुम्हाला ती खरीच बाई वाटली. निरोपाची सुरुवातच अशी होती, "बाई, जरा थांबा, मला बोलू द्या." आणि मग, "विकास, मी कॅनडात पोचले हाय, पर दुसऱ्या गावात. माझी काळजी करू नगंस. हितं मानसं चांगली हायती. सुजाताला येळंवर खायला घाल. तिला सांग, मी येतीय."

विकासनं तो निरोप माझ्या कानाला लावला. टाके ओले होते, हसू आलं की दुखायचं. तरी हसले मी. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा. आत्याबाई, बाळ जन्मलेलं तुम्हाला माहीतच नव्हतं, आणि तुम्ही मला जेवायला घालायला सांगत होता.

तुम्ही त्याच दिवशी संध्याकाळी आलात. दार उघडलं आणि मी बघतच राहिले. हिरवं लुगडं, वर मामांचा स्वेटर, डोक्याला मफलर आणि पायात कुणाचे तरी मोठे गमबुटासारखे काळे बूट. मागं एक सरदारजी, तुमच्या दोन्ही बॅगा घेऊन. मला वाटलं तुम्ही रडाल, मी तर रडतच होते. तुम्ही माझ्या कपाळावर हात ठेवलात आणि म्हणालात, "वाटंत जरा उशीर झाला."

मग म्हणालात, "लेक हाय का ल्योक?"

"मुलगी."

"बरं झालं. कुठाय? दाव."

काय काय घडलं ते तुम्ही पुढं आठ-पंधरा दिवसांत सांगितलंत, तेही तुकड्यातुकड्यानं, रेवाच्या पेटीजवळ बसून. मीच ते सगळं जोडलं. आज मामांना सांगितलं ते असंच जोडलेलं.

फ्रँकफर्टला तुम्ही चुकला नाहीत. विमान कंपनीच्या माणसानं चाकाच्या खुर्चीवर बसा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "मला काय झालंय?" आणि त्याच्यामागनं चालत गेलात. पुढच्या विमानात शेजारी जालंधरची एक म्हातारी आली, तिला सगळे बीजी म्हणायचे. तीही एकटीच, मुलाकडं निघालेली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण हिंदी येत होतं. आणि हिंदी तुम्हाला येत होतं. शाळेतलं नाही, गुऱ्हाळावरचं. इतकी वर्षं परप्रांतातल्या मजुरांशी बोलून, भांडून, त्यांच्या बायकांची दुखणी काढून शिकलेलं. आम्ही त्या हिंदीला हसायचो. "ऐसा कायको करता रे" म्हणत तुम्ही काहिलीभोवती फिरायचात, ते ऐकून विकास तोंड लपवायचा.

विमान मॉन्ट्रियलला उतरलं तेव्हा बीजींना वाटलं, पोचलो. बाहेर आल्यावर कळलं, की हे ते गाव नव्हेच. त्या बसकण मारून रडायला लागल्या. तुम्हालाही भीती वाटली असेल ना? मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "वाटली की. पर ती आधीच रडत व्हती. दोघींनी रडून कसं चालंल?"

तपासणीच्या खिडकीवर अधिकाऱ्यानं विचारलं, कशाला आलात. विकासनं फोनवर शिकवलेले दोन-तीन इंग्रजी शब्द तुमच्याजवळ होते, ते तुम्ही आहेत तसे पुढं ठेवलेत, "माय सन, डिलिव्हरी." तो माणूस हसायला लागला. तुम्ही हसला नाहीत. पोटावर हात फिरवून दाखवलात, मग बाळ झोपवल्यासारखे हात हलवलेत. त्यानं शिक्का मारला.

तिथली माणसं फ्रेंच बोलतात हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही मला म्हणालात, "विकासनं शिकिवलेलं इंग्रजी तिथं चालंना. त्यांचं येगळंच हाय." मग तुम्ही इंग्रजी सोडूनच दिलंत आणि सरळ मराठीत बोलायला लागलात, हातवारे करून. त्यानं काम भागलं म्हणालात. विमान कंपनीनं रात्रीपुरतं ज्या हॉटेलात ठेवलं, तिथल्या मुलीकडून फोन मागून घेतलात तो असाच. विकासचा नंबर तुम्हाला पाठ होता, कारण मोबाइलवर तुमचा कधीच विश्वास नव्हता.

आणि त्या हॉटेलच्या दालनात तुम्ही दोघीच नव्हता, मुलाबाळांकडं निघालेले आणखी चार-पाच म्हातारे होते आपल्याकडचे. कुणाची गोळी बॅगेत राहिलेली, कुणाला खोलीचं दार उघडता येईना. तुम्ही सगळ्यांना एका जागी बसवलंत. सकाळी बस येणार असं कळलं तेव्हा तुम्ही दाराशी उभ्या राहून एकेकाला बाहेर काढलंत, जसं गुऱ्हाळावरच्या बायकांना ट्रॅक्टरमधे चढवायचात. बीजींचा मुलगा टोरोंटोत टॅक्सी चालवतो. बस पोचली, तो आईला घ्यायला आलेला. बीजी त्याला म्हणाल्या, आधी हिला सोडायचं, मग घरी. रस्त्यात त्यानं विकासला फोन लावला, आणि दवाखान्याचं नाव कळलं. बूटही त्याचेच. चपला घालून तुम्ही बर्फात उतरलात ते त्याला बघवलं नाही.

हे सगळं सांगून झालं आणि तुम्ही विकासला आणि मला समोर बसवलंत. "ह्यातलं काय बी खुटबावला कळता कामा नये. त्यास्नी तर मुळीच न्हाई. आशूचं बंगलोरच्या नोकरीचं चाललंय. हे कळलं तर ते तिला दौंडच्या फुडं जाऊ द्यायचे न्हाईत. रेवाची शपथ हाय तुम्हाला."

आम्ही शपथ पाळली. आशू बंगलोरला गेली. आज ती तिथं स्वतःच्या पगारावर राहते. तुमचं गणित बरोबर होतं, आत्याबाई. नेहमीसारखं.

तुम्ही पाच महिने राहिलात. रेवाला रोज दोन-दोन तास छातीशी धरून बसायचात, नर्सनं शिकवलं तसं. मी झोपावं म्हणून. मला अळिवाची खीर करून घातलीत, शेक दिलात, डोक्याला तेल लावलंत. एकदा तेल लावताना मी म्हणाले, "आत्याबाई, माझी आई असती तर तिनं एवढंच केलं असतं." तुम्ही म्हणालात, "गप बस, मान हलवू नगं." पण हात थांबला होता तुमचा. मला न बघताच कळलं.

आणि एक दिवस तुम्ही गूळ घालून काहीतरी करत होता, घरभर तो वास भरला, आणि मी उठून उघडी खिडकी लावून घेतली. थंडी येत होती म्हणून नाही. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मी तुमच्याकडं. 

गेल्या वर्षी तुम्ही गेलात, तेव्हा तेच तेरा हजार किलोमीटर माझ्यापुढं होते. विकासला त्याच दिवशीचं तिकीट मिळालं. रेवा तापानं फणफणलेली, तिला घेऊन मला तीन दिवसांनी निघता आलं. तुम्ही माझ्यापर्यंत वादळातून आलात, आणि मी स्वच्छ उन्हात निघूनही तुम्हाला शेवटचं बघू शकले नाही. याचं वाईट वाटतं. वाटत राहील. पण त्यावर रडत बसले तर तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे, म्हणून बसत नाही. दहाव्याला मी इथं होते. आल्यागेल्याचं, स्वयंपाकाचं, सगळं बघितलं. तुमच्या जावा म्हणाल्या, हिला सगळं येतं की. येणारच. कुणाकडून शिकले?

एक तक्रार मात्र आहे. छातीत दुखतंय हे तुम्ही दोन दिवस कुणालाच सांगितलं नाहीत. मामांना नाही, आशूला नाही. गुऱ्हाळ जोरात चालू आहे, आत्ता कशाला, असं म्हणाला असाल. दुसऱ्याचं दुखणं हातातलं काम टाकून बघणारी बाई स्वतःचं का नाही बघत? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि या एका बाबतीत मी तुमच्यासारखी होणार नाही. ठरवलंय.

तर आज सकाळचं. मी मामांना हे सगळं सांगितलं.  मधे काहिलीवरच्या पोरानं काहीतरी विचारलं, तर मामा त्याला हातानंच थांब म्हणाले. 'माय सन, डिलिव्हरी'ला हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. तुम्ही दाराशी उभ्या राहून म्हाताऱ्यांना बसमधे चढवलंत तिथं फक्त मान हलवली, आपलं माणूस ओळखल्यासारखी.

माझं सांगून संपलं. मी वाट बघत होते, आता चिडतील, विकासला फोन लाव म्हणतील. त्यांनी वेगळंच विचारलं.

"त्या गावात रातच्याला तिनं काय खाल्लं?"

हे तुम्ही मला सांगितलं होतंत, पण मी मामांना सांगायचं विसरले होते. "दशम्या होत्या त्यांच्याजवळ," मी म्हणाले. "आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांनी आणि बीजींनी मिळून खाल्ली."

मामा खाली बघत म्हणाले, "दशम्या मीच भाजल्या व्हत्या. पहाटं. ती आंघूळीला गेली तवा. गूळ जरा जास्तीच घातला, टिकाव्यात म्हणून. पिशवीत ठिवल्या आन् रानात गेलो. तिच्यापुढं हुबं ऱ्हायलो असतो तर जा म्हणता आलं नसतं."

 म्हणजे ते रागावून गेले नव्हते. तुम्हाला हे माहीत होतं का, आत्याबाई? दशम्यांची पुरचुंडी उघडली तेव्हा तुम्हाला कळलंच असेल, तुमच्या हातच्या आणि त्यांच्या हातच्या दशमीतला फरक. मग तुम्ही आम्हाला का नाही सांगितलंत? की तेवढं एक तुम्ही स्वतःजवळच ठेवलंत?

थोड्या वेळानं मामा उठले. टोपी झटकली, डोक्यावर घातली. मला वाटलं, आता रानात जातील. दोन पावलं गेले आणि थांबले.

"सुजाता."

"काय मामा?"

"ते गाव, जिथं ती राह्यली. तुमच्या घरापासनं गाडीनं सहा तास म्हणलीस न्हवं?"

"हो. रस्ता चांगला असला तर."

"मला न्हेशील का तिथं?"

मी हो म्हणाले. 

आत्याबाई, तुम्हाला वचन देते. पुढच्या आठवड्यात आम्ही निघतो. विमानात मामा खिडकीशी बसतील, मधे रेवा, कडेला मी. त्यांचं जेवण, गोळ्या, थंडीचे कपडे, सगळं माझ्याकडं लागलं. तुम्ही निर्धास्त राहा. वसंतात बर्फ वितळलं, रस्ते मोकळे झाले, की मी स्वतः गाडी चालवत त्यांना मॉन्ट्रियलला घेऊन जाईन. ते हॉटेल शोधून काढीन. मामांना त्या दारापर्यंत नेईन. मग मी रेवाचं बोट धरून रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहीन. त्यांना तुमच्याशी काय बोलायचं असेल ते बोलू दे. आम्हाला घाई नसेल.

तुमची,
सुजाता
खुटबाव